एकशे दहा अंश

माझी थोरली बहीण येसूबाई हिच्या डाव्या मांडीचा घेर, गुडघ्याच्या वर चार बोटं, साडेएकोणीस इंच भरला. उजव्या मांडीचा पंधरा. हे माप मी १९४४च्या फेब्रुवारीत मुंबईच्या इस्पितळात घेतलं. त्याच दिवशी मोठ्या डॉक्टरांनी तिच्या मांडीच्या मुळाशी बोट फिरवून पाय कुठून कापावा लागेल ते दाखवलं, आणि आक्काने त्यांच्या हातावर असा फटका मारला की मनगटावरचं घड्याळ निसटून फरशीवर आपटलं. काच फुटली.

"पायाला हात लावायचा नाय," ती म्हणाली.

डॉक्टरांनी घड्याळ उचललं, कानाला लावून पाहिलं आणि मला विचारलं, "सख्खी बहीण का तुझी?"

मी बी.एस्सी. होऊन वर्षभरापूर्वी त्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत लागलो होतो. कापून काढलेल्या गाठींच्या पातळ चकत्या करायच्या, त्यांना रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या, हे माझं काम. आक्काच्या गाठीतून सुईने काढलेला तुकडाही माझ्याच हाताखालून गेला होता. कॅन्सर होता, मांसात वाढणारा. हाड अजून शाबूत होतं.

आक्काचं घर कर्जतजवळ, कोंडाण्याच्या लेण्यांच्या खालच्या अंगाला. नवरा हिरामण, अडीच एकर भातशेती आणि बैलजोडी. आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, आक्कासारखी बाई आसपासच्या चार गावांत नव्हती. सकाळी चिखलात उतरली की दुपारपर्यंत पाठ सरळ करत नसे. पाय कापायचा म्हणजे काय, हे तिला डॉक्टरांपेक्षा नीट कळत होतं.

"येका पायानं चिखलात उभी कशी ऱ्हावू?" तिने मला विचारलं. "त्यापरास गाठीनं मेलेलं बरं."

डॉक्टरांकडे दुसरा एक मार्ग होता, खात्रीचा नव्हता. युद्धापूर्वीच्या परदेशी नियतकालिकांत त्यांनी वाचलं होतं की गाठ आधी शेकून मग तिच्यावर क्ष-किरण सोडले, तर किरण जास्त खोल काम करतात. ज्या उष्णतेत निरोगी मांस तग धरतं, त्याच उष्णतेत गाठीतल्या पेशी अर्धमेल्या होतात, आणि अर्धमेल्या पेशींना किरण सोसवत नाहीत. नुसत्या शेकण्याने काही होत नाही. नुसत्या किरणांनी या जातीची गाठ हटत नाही. दोन्ही एकामागोमाग हवं.

बैठका बारा ठरल्या. आधी सहा, मग कातडीला तीन आठवडे विसावा, मग उरलेल्या सहा. प्रत्येक बैठकीआधी तासभर पाय गरम पाण्याच्या टबात, पाणी एकशे दहा अंश फॅरनहाइट. मी शेजारी स्टुलावर बसून थर्मामीटर धरत असे. एकशे आठच्या खाली गेलं की उपयोग नाही, एकशे पंधरावर गेलं की कातडी जाते. त्या सात अंशांच्या आत राहायचं. डॉक्टरांनी अट एकच घातली होती: कातडी फुटली तर पुढचे किरण नाहीत. मग सुरी.

सहा बैठका झाल्या. घेर सव्वाअठरा इंच. सव्वा इंच कमी. मी ते माप तीनदा घेतलं.

विसाव्याचे तीन आठवडे तिला घरी न्यायचं ठरलं, कारण वॉर्डात खाट नव्हती. रोज तासभर गरम पाण्यात पाय ठेवणं घरीही चालू ठेवायचं होतं. मी एक थर्मामीटर बरोबर घेतला. मांडीच्या मापाची एक दोरीही तिला करून दिली, सव्वाअठरा इंचांवर गाठ मारलेली. रोज दोरी गुंडाळायची, आणि टोक गाठीला भिडलं की ठीक.

मार्च संपत आला होता आणि सगळीकडे राब भाजायचं काम चालू होतं. आमच्याकडे भाताचं रोप करायच्या जागेवर शेण, झाडांचे टहाळे, पेंढा असे थर घालतात, वर मातीचा पातळ थर देतात आणि वाऱ्याच्या उलट बाजूने आग लावतात. जाळ उठू द्यायचा नसतो. आग आत धुमसत खाली उतरली पाहिजे. तण मरतं, त्याचं बी मरतं, आणि जूनमध्ये तिथे भाताचं रोप तरारून येतं.

मी अंगणात घंगाळात पाणी ओतून हिरामणदाजींना आकडा दाखवत होतो. आक्का पाटावर बसून पाय पाण्यात सोडून होती. दाजींनी पाण्यात बोट घातलं.

"ह्ये तर कोमट हाय रं. येवढ्यानं काय व्हनार?"

"कोमट नाही दाजी, एकशे दहा आहे."

"मंग उकळतंच का नाय घ्येत? येकदाच काम."

मी इकडेतिकडे पाहिलं. समोर त्यांचाच राब धुमसत होता.

"राब कशाला भाजता तुम्ही?"

"गवताचं बी मरावं म्हनून."

"आणि जमीन मरते का?"

"जमीन मरंल कशी? पिकती ना उलट."

"तसंच हे. गाठ म्हणजे गवत, पाय म्हणजे जमीन. गवत मरेल आणि जमीन राहील, एवढीच धग द्यायची."

दाजी हसले. "बघ गं, तुज्या भावानं तुजा राब केला."

आक्का हसली नाही. ती पाण्याकडे बघत होती. "आन् राब कच्चा ऱ्हायला तर?"

"तर गवत दुप्पट येतं," दाजी म्हणाले. "ते काय मी सांगू तुला?"

"म्हणून तर अजून सहा बैठका आहेत," मी म्हणालो. उदाहरण चांगलं जमलं असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी मी मुंबईला कामावर गेलो.

एक गोष्ट मी सांगितली नव्हती. क्ष-किरणांनंतर दुसऱ्या आठवड्यात अशा गाठीला बरेचदा सूज चढते आणि आपोआप उतरते. मला ते ठाऊक होतं. सांगायचं राहिलं.

पुढच्या रविवारी मी कर्जतला उतरून चालत निघालो. कोंडाण्याच्या वाटेवर दोन्ही अंगांना राबांचा धूर होता, त्यामुळे घराजवळ आलेल्या जळक्या वासाचं मला काही वाटलं नाही. पण वासात केस जळल्यासारखं काहीतरी मिसळलेलं होतं. भरदुपारी घराचं दार ओढून घेतलेलं होतं. मी ते ढकललं.

आक्का जमिनीवर उताणी होती. डावा पाय सरळ राहावा म्हणून तो मुसळाला नाड्याने बांधला होता, बैलांच्या नाड्याने. हिरामणदाजी तिच्या घोट्यांवर बसले होते. डोक्याच्या बाजूला गोमा होता. तो गावातल्या गुरांना आणि माणसांना डाग देणारा म्हातारा. गुडघे टेकून त्याने तिचे दोन्ही खांदे दाबून धरले होते. तिच्या दातांत चामड्याचा पट्टा होता आणि हनुवटीवर रक्त ओघळलेलं. गाठीच्या वरच्या बाजूला विळ्याचे तीन डाग, शिडीच्या पायऱ्यांसारखे, आणि गाठीच्या भोवती ओल्या मातीचा बांध घातलेला. त्या बांधाच्या आत तांबडी धग होती. भाताच्या तुसाची. दाजी सुपाने वारा घालत होते, हलके हलके, जाळ उठू नये म्हणून.

तिच्या मांडीवर त्यांनी राब घातला होता.

मी धावत जाऊन त्या बांधाला लाथ मारली. माती उडाली, निखारे उडाले. काही गोम्याच्या दाढीत गेले आणि तो तोंड झाडत मागे पडला. दाजींनी माझी तंगडी ओढली. मी पडलो तो आक्काच्या पोटावर, तिथून चुलीच्या वैलावर. हाताला लागलं ते फुंकणीचं नळकांडं. मी ते दाजींच्या कानावर मारलं. पुन्हा मारलं. त्यांनी माझा डावा हात पकडला आणि ओलं लाकूड मोडतात तसा गुडघ्यावर वाकवला. मनगटातून आवाज आला. दुखायला लागलं ते त्यानंतर, दोनतीन सेकंदांनी.

"सोड त्याला, सदूला सोड," गोमा ओरडत होता. "मी नव्हतो म्हनत. मी नव्हतो म्हनत."

दाजींनी सोडलं. मी रांगत आक्काकडे गेलो, मांडीवर चिकटलेलं तूस चांगल्या हाताने झटकायला लागलो. तेवढ्यात तिने पट्टा थुंकला, माझे केस मुठीत धरले आणि माझं कपाळ जमिनीवर आदळलं. एकदा, दोनदा. उताण्या, बांधलेल्या बाईत एवढी ताकद होती.

"निम्मं ऱ्हायलं रं," ती म्हणत होती. "त्वा मोडलंस. निम्मं ऱ्हायलं."

"कोणी सांगितलं हे करायला?"

"म्या सांगितलं. दोरी भिडंना. तीन दिस झालं, गाठ दोन बोटं लांब ऱ्हातीया. कच्चा ऱ्हायला व्हता, तुलाबी ठाव हाय."

"आक्का, सूज आहे ती. नुसती सूज. उतरली असती."

तिने माझे केस सोडले. चूल, मी, दाजी, असं तिने आळीपाळीने पाहिलं. "मंग सांगितलं का नाय?"

मी तिच्या मांडीवरचं उरलेलं तूस झटकू लागलो.

गोमा कोपऱ्यात बसून भाजलेली दाढी चिमटीने उपटत होता. "तीन डाग दिलं मी," तो म्हणाला. "मानसाला तिनाच्या वर मी देत नाय, माजा बाबी देत नव्हता. ही म्हन्ती पुरं भाज. मी म्हनलं, येसू, ह्यो डाग नाय, ह्ये भाजनं झालं. तर मला म्हन्ती, भित्रा हायस तर खांदं धर. धरलं मी."

"जास्त बोलू नको," दाजी म्हणाले. त्यांच्या कानातून रक्त येत होतं.

मी जखम पाहिली. कडेला लाल, फोड आलेले. त्याच्या आत तपकिरी. मधोमध, रुपयाएवढ्या जागेत, पांढरी आणि कोरडी. मी तिथे नख टोचलं.

"दुखतं?"

"कुटं?"

पांढऱ्या जागेखाली दुखायला काही उरलं नव्हतं. कातडीच्या आत किती खोल गेलंय ते डोळ्यांनी कळेना, आणि तशा अवस्थेतही ते किती असेल याचा मी अंदाज करत होतो. अर्धा इंच, मी ठरवलं.

संध्याकाळच्या गाडीने आम्ही तिला मुंबईला नेलं. डॉक्टरांनी चादर वर केली, खाली केली, हात धुतले. चौथ्या दिवशी मांडी काळी पडली, ताप एकशे पाच झाला, ती दाजींना शेतात हाका मारल्यासारख्या हाका मारू लागली. पाचव्या दिवशी पाय मुळापासून कापला. भूल पुरती चढण्यापूर्वी तिने एका परिचारिकेच्या दंडाला चावा घेतला. तो व्रण मी नंतर पाहिला, सात दात मोजता येत होते.

पाय प्रयोगशाळेत आला. दुसऱ्या कोणाला द्या असं मी म्हणू शकलो असतो. म्हणालो नाही. माझा डावा हात प्लॅस्टरमध्ये होता, म्हणून मी गाठ पकडीत अडकवून उजव्या हाताने कापली. भाजलेला थर अर्धा इंच, वर सांगितलं तसा. त्याच्या खाली मला जिवंत गाठ दिसेल अशी अपेक्षा होती. चकत्या रंगवून काचेखाली घेतल्या तेव्हा खाली खोलवर, जिथे तुसाची धग पोचणं शक्यच नव्हतं, तिथे नुसती पेशींची टरफलं दिसली. तीन आठवड्यांपूर्वी मेलेली. साफ करायला आलेल्या निरोगी पेशी त्यांच्यामध्ये शिरल्याही होत्या. गाठीचा दोनतृतीयांश भाग पाण्याने आणि किरणांनी आधीच मारलेला होता. बाकीचा एका कडेला, हाडापासून दूर.

मी डॉक्टरांना बोलावलं. ते बराच वेळ सूक्ष्मदर्शकावर वाकून राहिले.

"आणखी सहा," ते म्हणाले आणि निघून गेले.

जुलैत आक्काला घरी सोडलं. कर्जत स्टेशनावर शेजारचा नागू बैलगाडी घेऊन आला होता. दाजी आले नव्हते. नागूला बोलल्याशिवाय राहवत नसे. आक्काला गाडीत घालून तो जू सावरतो न सावरतो तोच सुरू झाला.

"हिरामननं गोमाचं दार फोडलं, कळलं का तुला? पाय कापल्याचं कळलं त्याच्या दुसऱ्या दिशी. म्हातारा मागल्या दारानं पळाला, खालापुराला बहिनीकडं जाऊन बसला. आता आवनीला परत आलाय, न्हाय तर खानार काय? पंचांनी हिरामनला म्हनलं, थांब. तर ह्यो म्हन्तो, थांबतो. सदूला येऊं दे. सदू शिकलेला हाय, तो खोटं बोलनार नाय. पाय भाजन्यानं गेला आसंल, तर गोमा गेला समजा." नागू बैलांना चुचकारून म्हणाला, "कोयत्याला धार लावून लावून निम्मा क्येलाय त्यानं."

उल्हास नदीच्या उतारावर आलो तेव्हा आक्का म्हणाली, "नागूभाव, बैलांना पानी दाव."

नागू बैल सोडून पाण्यावर घेऊन गेला. आक्का जुवाकडे पाठ करून बसली होती, एक पाय लांब सोडून.

"पायात काय सापडलं तुला?"

"आक्का—"

"तू कापलास ना त्यो? डॉक्टर म्हनला मला. काय सापडलं?"

मी तिला सांगितलं. दोनतृतीयांश म्हणजे किती तेही सांगितलं, भाकरीचे तीन वाटे करून. अजून सहा बैठकांनी नक्की बरी झाली असती असं एका गाठीवरून म्हणता येत नाही, हेही मी सांगितलं. ते खरं होतं.

"पर तुला काय वाटतं?"

"राहिला असता पाय."

तिने माझा डावा हात हातात घेतला. प्लॅस्टर निघून पंधरवडा झाला होता, मनगट अजून वाकडं वळत होतं. तिने ते दोन्ही हातांनी धरलं आणि पिळलं. मी गाडीच्या साट्यावर आडवा झालो. तिने सोडलं नाही.

"ह्ये त्यांला सांगायचं नाय. कळलं? गोमानं माजं आयकलं, त्यांनी माजं आयकलं. गोम्याला मारला तर त्यांला फाशी द्येतील. मंग मला घंगाळापातूर कोन न्येनार, तू?"

"आक्का, सोड."

"म्हन."

"नाही सांगत."

"नुसतं गप बसून नाय चालनार. तोंडानं खोटं बोलायचं. तुज्या तोंडचं खरं मानत्यात ते."

नागू बैल घेऊन वर आला तेव्हा तिने हात सोडला आणि पदराने माझा चेहरा पुसला, लहानपणी पुसायची तसा रगडून.

अंगणात दाजी उभे होते. कोयता कमरेला नव्हता, हातात होता. गोमाही तिथेच होता, ओट्याच्या पायरीवर टेकलेला. दाढी अर्धीच परत आली होती. गाडी गावात शिरल्याचं कळल्यावर तो स्वतःहून येऊन बसला होता.

"कितीदा पळू?" तो मला म्हणाला. "बोल बाबा. काय ते येकदा बोल."

दाजींनी गाडीकडे पाहिलं नाही. "सदू, पाय कशानं ग्येला?"

चारपाच शेजारी कुंपणाला आले होते. मी उभा होतो तिथून आक्काचा चेहरा दिसत नव्हता.

"गाठ हाडात गेली होती," मी म्हणालो. "आधीच. पहिल्या बैठकीच्याही आधी."

"कापून बघितलंस?"

"मी स्वतः कापून बघितलं."

"मंग आमी ज्ये भाजलं?"

"त्याने काहीच झालं नाही. पाय जाणारच होता."

दाजी तसेच उभे राहिले. त्यांना ऐकू कमी येत होतं, माझ्या नळकांड्याने एका कानाचा पडदा गेला होता, म्हणून मी तेच वाक्य पुन्हा, मोठ्याने म्हणालो. दुसऱ्यांदा म्हणताना ते सोपं गेलं.

त्यांनी कोयता ओट्याच्या खांबात मारला. पातं चार बोटं रुतलं. मग मोकळ्या हाताने त्यांनी गोमाच्या तोंडात एक ठोसा दिला. म्हातारा पायरीवरून कलंडला, उठून बसला, तोंडात बोट घालून एक दात बाहेर काढला आणि त्याच्याकडे बघत राहिला.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं," दाजी म्हणाले.

"मला कोन उतरवनार हाय का नाय?" आक्का गाडीतून म्हणाली. "का हितंच बसू आवनी हुईपातूर?"

दाजी गाडीकडे गेले. वाकून त्यांनी एक हात तिच्या पाठीखाली घातला. दुसरा हात दोन्ही गुडघ्यांखाली घालायला पुढे केला, आणि तो तसाच लुगड्याच्या रिकाम्या घडीवर थांबला. आक्काने तो धरून उजव्या गुडघ्याखाली नेला.

"हां," ती म्हणाली. "आता उचला."